हात लावू नये

मी एक ओळ आहे. कागदावरची नव्हे, संगणकाच्या प्रोग्राममधली. वेळेआधी जन्मलेल्या बाळांना ऊब देणाऱ्या पेटीत मी राहते. मिनिटं मोजायची आणि चाळीस झाली की ऊब थांबवायची, एवढंच माझं काम.

मला लिहिणारी बाई या पेट्या बनवणाऱ्या कारखान्यात होती. त्या दिवशी तिची मुलगी तापानं फणफणलेली, बाईचा जीव घराकडे. मोजणी शून्यापासून करायची, हे लिहायचंच राहिलं. मग मला कंपायलरपुढे उभं केलं. माणसाचं लिहिणं यंत्राला समजेल असं करून देणारा तो. म्हातारा मवाळ. त्यानं चूक पोटात घातली, शून्य पदरचं टाकलं आणि चकार शब्द काढला नाही.

"बोलला नाही ना, म्हणजे बरोबर," बाई म्हणाली. प्रोग्रामच्या भाषेच्या नियमांचं जाड पुस्तक तेव्हा खिडकी वाजू नये म्हणून फटीत खोचलेलं होतं.

वीस वर्षं निभावलं. ती तापाची मुलगी मोठी होऊन आईच्या शेजारीच कामाला बसली. तिनं नवा कंपायलर आणला. त्यानंही मला मुकाट्यानं पास केलं, पण पदरचं काही दिलं नाही. तपासायला बाळाच्या जागी पाण्याची पिशवी ठेवून पेटी लावली. मोजणीच्या जागेत आधीचा कसलातरी आकडा पडून होता; मोजणी सुरू झाली ती तिथूनच, नऊ हजारांच्या पुढून. मला वाटलं, चाळीस कधीच उलटली. केली ऊब बंद. पाणी गारच्या गार.

"आई, पुस्तकात बघ. मोजणीला सुरुवातीचा आकडा दिला नाही, तर पुढं काय होईल त्याची हमी नाही."

"वीस वर्षं चाललंय की."

"त्या म्हाताऱ्याच्या भलेपणावर चाललं."

"मग आता सगळ्यांपुढे सांगू, मी चुकले म्हणून? तुझ्या जन्माआधीपासून करतेय मी हे."

"पंधरा दिवस आधीपासून," मुलगी पुटपुटली.

बाईनं जुना संगणक, जुना कंपायलर परत मांडला. माझ्या शेजारी लिहून टाकलं: 'चालतंय. हात लावू नये.' तेव्हापासून मी कोंडलेली. चुकीची आहे हे मला ठाऊक, आणि हलता येत नाही.

काल तो जुना संगणक दोनदा बंद पडला. तो गेला की नवा कंपायलरच येणार. तो मला पास करणार, आणि पाण्याची पिशवी ठेवायची आठवण कुणाला राहील, सांगता येत नाही.

पोरी, तू रोज मला उघडतेस, बोटं कळांवर ठेवतेस, आईकडे बघतेस आणि काढून घेतेस. एक शून्य लिही गं. आई रुसेल, चार दिवस डब्याला शेजारी बसणार नाही. पण तिला बोलून दाखवता तरी येईल. पेटीतल्या बाळाला गार लागलं, तर ते कुणाला सांगणार?