इंजिनवाले तात्या

कडेगावात आकाराम तात्यांना सगळे 'इंजिनवाले' म्हणत. मुंबईच्या विमानतळावर त्यांनी बत्तीस वर्षं नोकरी केली. पहिल्या सुट्टीत गावी आले तेव्हा कुणीतरी विचारलं होतं, "इंजिन बघतोस काय रं?" तोंडातून 'व्हय' निघून गेलं, आणि मग ते मागं घेता आलं नाही.

म्हणून माधवनगरचे भंगारवाले हुसेन विमानाचं भंगार ओळखून घ्यायला गाडी घेऊन दारात आले, तेव्हा त्यांची बायको रंगूबाई पदर खोचून तात्यांच्या आधीच गाडीत बसल्या. "चाळीस वर्सं नुसतं ऐकतीया. आज तुमचं इंजिन डोळ्यानं बघू द्या."

तात्यांनी चपला घालायला उगाच वेळ लावला.

हुसेनच्या वखारीत इंजिन नव्हतंच. मोडीत काढलेल्या जुन्या विमानाच्या पोटातलं सामान होतं. खुर्च्यांचे हात, खिडक्यांच्या सरकत्या झडपा आणि चकाकत्या स्टीलच्या वस्तूंचा ढीग. खंडाळ्याला रस्त्याकडेला एकानं जुनं विमान उभं करून हॉटेल मांडलं होतं. कुठला तुकडा कशाचा, हे लिहून दिलं तर तो सगळं घेणार होता.

"न्हाईतर संध्याकाळी भट्टीला," हुसेन म्हणाले. "ह्यो पत्रा बगा, टपालपेटीचं तोंड दिसतंय. विमानातनं पत्रं टाकायचे का, तात्या?"

तात्यांनी पत्रा हातात घेतला. मधोमध बोटभर लांब, बारीक फट. 'ठाऊक न्हाई' म्हटलं असतं तर सुटले असते. नाव राहिलं असतं, पत्रा वितळला असता. लेकराच्या भुवईवरून फिरवावा तसा त्यांनी फटीवरून अंगठा फिरवला.

"दाढीचं पातं टाकायची जागा हाय ही. वापरलेलं पातं हितं सरकवायचं, म्हंजी कचरा काढणाऱ्याचा हात कापत न्हाई."

"विमानात दाढी?"

"रातभर उडाल्यावर करायची लोकं. संडासाच्या खोलीत, आरशापुढं." मग तात्या बायकोकडं न बघता म्हणाले, "त्या खोलीचा फिटर हुतो मी. नळ, भांडी, कड्या. इंजिनाला हात लावला न्हाई कवा."

रंगूबाईंनी पत्रा घेतला. उलटा केला, सुलटा केला.

"आन् गावजेवणात इंजिनाच्या नावानं पयल्या पंगतीला बसत हुता व्हय!"

राग की हसू, तात्यांना कळेना. रंगूबाईंनी ढिगातला आखूड नळ उचलला. "ह्यो?"

"दाबला की पाणी, सोडला की बंद. वर पाणी मोजकंच असतंय."

त्यांनी नळ दाबला. तो आत गेला, हळूच वर आला. पुन्हा दाबला.

"आन् अडकला तर?"

"तर मला बोलवायचे."

हुसेनच्या टेबलावरच्या चिठ्ठ्या आणि पेन घेऊन रंगूबाई खाली बसल्या. "सांगा, मी लिवते. भरभर न्हाई, माझं अक्षर मोठं हाय."

दुपारभर तेच चाललं. संडासाच्या दारावरची राखदाणी. साबणाची वाटी. सरकवली की आत दिवा लागायचा आणि बाहेर 'आत कुणी आहे' अशी पाटी दिसायची, ती कडी.

मध्येच रंगूबाईंचा फोन वाजला. शेजारच्या बनाबाईंचा, त्यांच्या कानावर पडलेलं दिवेलागणीला अख्ख्या गल्लीत पोचायचं. तात्यांचा हात कडीवरच थबकला.

"कुठं म्हंजी? मालकांच्या कामावर," रंगूबाई मोठ्यानं म्हणाल्या. "इंजिन? छ्या गं! माणसं आभाळात असताना त्यांचं न्हाणी-संडास आमच्या मालकांनी बत्तीस वर्सं चालू ठेवलं. इंजिनवाल्यालाबी जावं लागतंयच की तितं! ठेव आता, लय लिवायचं ऱ्हायलंय."