कोरडं गॉज

“कातडं सोलायचा हुकूम काढलाय तुम्ही, साहेब!”

झुंबर सिस्टर हे बोलली ते भिंतीवर डकवलेल्या कागदाला. खाली मोठ्या साहेबांची सही होती. ‘यापुढे प्रत्येक जखमेवर फक्त कोरडे गॉज वापरावे. केळीची पाने वॉर्डात दिसता कामा नयेत.’

भाजलेल्या जखमेला कोरडं गॉज चिकटतं आणि ओढलं की नवी कातडी घेऊनच निघतं. बावीस वर्षं जळिताच्या वॉर्डात घासलेल्या बाईला हे कुणी सांगायला नको होतं. न चिकटणारं व्हॅसलीनचं गॉज मागून मागून तिचं तोंड दुखलं. शेवटी ती कसबा बावड्याहून केळीची कोवळी पानं आणायला लागली. धुवायची, वाफेच्या डब्यात निर्जंतुक करायची, जखमेवर अंथरायची. पान चिकटत नाही.

पिराजी गुळव्याच्या मांडीवर गुऱ्हाळात काहिलीतला उसाचा उकळता रस सांडला होता. पहिल्या दिवशी पान बघून तो म्हणाला, “शिष्टर, पान मांडलासा, आता भात बी वाढा की!” अख्खा वॉर्ड हसला. दहा दिवसांत गुलाबी कातडी धरली.

अकराव्या दिवशी बाहेरगावचे डॉक्टर दवाखाना बघायला आले. पानं बघून एकानं विचारलं, “हे काय, जेवणावळ आहे का?” साहेबांचा चेहरा पडला. तासाभरात कागद भिंतीवर. आणि पिराजीला कोरडं गॉज बांधायला लावलं ते साहेबांनी स्वतः समोर उभं राहून.

आज ते काढायचं होतं. अर्धा तास सलाईननं भिजवलं, तरी सुटेना.

“इतकं दिस दुखलं न्हाई. आजच का वो?”

“दात आवळ, पिराजी. माझा इलाज न्हाई.”

“तुमचा न्हाई, मग कुणाचा हाय?”

तिनं गॉज उचललं. पिराजीनं उशीचं टोक तोंडात कोंबलं. दहा दिवसांची कातडी गॉजला लागून आली.

ते तिनं बादलीत टाकलं नाही. ट्रेमध्ये घेतलं, जखमेवर ओला कपडा झाकला आणि तडक साहेबांची केबिन गाठली. ट्रे चहाच्या कपाशेजारी ठेवला.

“अहो सिस्टर, काय हे! आधी उचला ते!”

“उचलते. पिराजीची मांडी उघडी पडलीया, तिच्यावर आत्ता परत बांधायचं हाय. कोरडंच बांधू?”

साहेब खिडकीकडे बघायला लागले.

“तिकडं न्हाई साहेब. ह्या ट्रेकडं बघा आन् तोंडानं सांगा. कोरडंच बांधू का?”