त्र्यंबक, विंचूर आणि मधला गोरक्ष

दिवाकर सरांना संशय घ्यायला फारसं कारण लागायचं नाही. दूधवाला पाणी घालतो का हे बघायला ते रोज सकाळी पातेल्यात बोट बुडवून नखावरचा थेंब निरखायचे. त्यांची बायको सुधा म्हणायची, "अहो, बारा वर्षं तोच दूधवाला आहे." सर म्हणायचे, "बारा वर्षं सापडला नाही, एवढंच." असा हा माणूस नाशिकच्या एका कॉलेजात क्रीडाशिक्षक होता आणि १९७९ च्या हिवाळ्यात त्याच्या फुटबॉल संघाचे पास नेमके समोरच्या संघाच्या पायात जाऊन पडत होते.

सुरुवातीला त्यात गूढ काही नव्हतं. पोरांना पास देणंच माहीत नव्हतं. चेंडू आला की हाणायचा आणि मग सगळ्यांनी मिळून त्याच्यामागं पळायचं, हा त्यांचा खेळ. सरांनी दोन महिने घसा कोरडा करून त्यांना आखूड पास शिकवले. तरी चेंडू कुठल्या बाजूला जाणार हे पोरांना कळेना, आणि ओरडून सांगावं तर समोरच्यांनाही ऐकू जाणार. म्हणून सरांनी खुणेची नावं काढली. 'त्र्यंबक' म्हणजे डावी बाजू, 'विंचूर' म्हणजे उजवी. मधल्या फळीतल्या गोरक्षनं नाव पुकारायचं आणि त्या बाजूच्या गड्यानं चेंडू निघायच्या आतच सुटायचं.

सरावात पहिला अर्धा वेळ झकास गेला. मग गोल बदलले आणि नवंच झेंगट उभं राहिलं. मैदान उत्तर-दक्षिण पसरलेलं, त्यामुळे आता डावी बाजू पूर्वेला आली. गोरक्षनं 'त्र्यंबक' म्हटलं की निम्मी पोरं आपल्या डावीकडे धावायची आणि निम्मी खऱ्या त्र्यंबकेश्वराच्या दिशेनं, म्हणजे पश्चिमेला. 'त्र्यंबक आता पूर्वेला आहे असं समज' असं नाशिकच्या पोराला कितीही सांगा, त्याचे पाय ऐकतील थोडेच! शेवटी सरांनी दुरुस्ती केली. गोल कुठलाही असो, त्र्यंबक म्हणजे मैदानाच्या पश्चिम कडेची चिंच आणि विंचूर म्हणजे पूर्वेची भिंत. पोरं खूश झाली आणि सर तर स्वतःवर बेहद्द खूश झाले.

पुण्याचा एक संघ मैत्रीचा सामना खेळायला आला, त्याला त्यांनी तीन गोलांनी धुतलं. पण त्यानंतर जिल्ह्यातल्या कॉलेजांची साखळी स्पर्धा याच मैदानावर सुरू झाली आणि सगळं मुसळ केरात गेलं. आधी निफाडच्या संघानं हरवलं, मग सिन्नरच्या. गोरक्ष पुकारायचा आणि चेंडू त्याच्या पायातून सुटायच्या आत समोरचा गडी तिथं जाऊन उभा असायचा, एसटीची वाट बघत असल्यासारखा.

पुण्यापुढे चाललेली युक्ती जिल्ह्यातल्या पोरांपुढेच का फसते? कुणीतरी खूण फोडली, सरांनी ठरवून टाकलं. आणि कुणी, हे शोधायला त्यांना वेळ लागला नाही. गोरक्ष विंचूरकडचा. त्याची आई तिथल्या बाजारात कांदा निवडायला जायची आणि त्याचा मावसभाऊ निफाडच्या संघात खेळायचा. त्याच आठवड्यात गंगापूर रोडच्या एका चहाच्या टपरीवर ते दोघं खारी बुडवून खात हसताना सरांना दिसले. सर सायकलवरून उतरले, झाडाआडून दहा मिनिटं बघत राहिले. ऐकू काहीच आलं नाही, पण तेवढ्यानं त्यांचं समाधान झालं.

दुसऱ्या दिवशी गोरक्षच त्यांच्याकडे आला. "सर, ती नावं आता बंद करू. लय पाठ झालीत सगळ्यांना."

"सगळ्यांना म्हणजे कोणाकोणाला?" सरांनी डोळे बारीक केले.

गोरक्ष गोंधळला. "आसंच वाटतंय मला," म्हणाला आणि मान खाली घालून गेला. चोरच चोरीची वर्दी देतोय, सरांच्या मनात आलं. त्यांनी ते कप्तान रंगनाथच्या कानावर घातलं, 'तुझ्यापाशीच ठेव' असं बजावून. संध्याकाळपर्यंत सगळ्या संघाला कळलं. गोरक्षशी कुणी बोलेना.

शेवटचा सामना येवल्याशी होता आणि तो बघायला विद्यापीठाच्या निवड समितीचे पाहुणे येणार होते. विद्यापीठाच्या संघात नाव आलं की रेल्वेत खेळाडूंच्या जागेसाठी अर्ज करता येतो, हे गोरक्षला सरांनीच सांगितलं होतं. त्याचं कॉलेजातलं हे शेवटचं वर्ष. सरांना हे सगळं ठाऊक होतं. तरी त्यांनी त्याला बाहेर बसवला आणि पाहुण्यांना सांगितलं, "त्याचा पाय सुजलाय हो."

त्या दिवशी नावं रंगनाथ पुकारत होता. आणि तरीही पास येवल्याच्याच पायात! फितूर तर बाकावर बसलाय, मग हे काय? की रंगनाथही त्यातलाच? सर बेचैन होऊन मैदानाभोवती फिरत चिंचेपाशी आले. तिथं शेंगा विकणारी सुलाबाई नेहमीसारखी पाटी घेऊन बसली होती. आत रंगनाथ ओरडला, "त्र्यंबक!" सुलाबाईनं पाटी उचलली आणि चार पावलं मागं सरली. येवल्याच्या गड्याच्या पायाला लागून चेंडू धाडकन तिच्या जागेवर आदळला. थोड्या वेळानं पुन्हा तीच हाक, पुन्हा पाटी मागं, पुन्हा चेंडू.

"तुम्हाला कसं कळतं हो?" सरांनी विचारलं.

"त्यात काय कळायचंय? पोरगं तिरंबक वरडलं का बॉल हिकडं येतो. इंचूर वरडलं का तिकडं भितीकडं जातो, मग मी निवांत."

"पण हे सांगितलं कोणी तुम्हाला?"

सुलाबाई त्यांच्याकडे बघतच राहिली. "तिरंबक कुठं हाय ते सांगाया लागतं व्हय, मास्तर?"

सरांनी मैदानाकडे पाहिलं. निफाड, सिन्नर, येवला, सगळी इथलीच पोरं. खूण कुणी फोडली नव्हती. सरांनी ती स्वतःच सोप्यात सोपी करून सगळ्यांच्या हातात दिली होती. बारा मिनिटं उरली होती. ते धावतच बाकापाशी आले.

"गोरक्ष, बूट बांध. उतर लवकर."

गोरक्ष उठला नाही. "मला का बसवलं व्हतं ते आधी पोरांना सांगा, सर. आठ दिस झाले, कोन बोलत नाय माझ्याशी."

चेंडू बाहेर गेला होता. रंगनाथ आणि दोघंतिघं कडेलाच उभे होते. दोन खुर्च्या पलीकडे पाहुण्यांनी वहीतून मान वर केली. सरांनी तोंड उघडलं, पाहुण्यांकडे पाहिलं आणि हसून म्हणाले, "काय रे, पाय बरा वाटतोय ना आता?"

"पाय कधी दुखलाच नव्हता, सर," गोरक्ष म्हणाला आणि बसून राहिला.

सामना दोन गोलांनी गेला. पाहुण्यांनी नावं लिहून घेतली, सगळी येवल्याची.

सोमवारी सरांनी पोरांना जिमखान्यात बोलावलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं: सुलाबाईची पाटी, गोरक्षचा काही दोष नाही, चूक माझी. पोरं खाली मान घालून ऐकत होती. गोरक्ष कॉलेजचे बूट परत करायला आला होता, तो दारातच थांबला.

रंगनाथनं विचारलं, "पण सर, हे तुम्हाला सामन्यातच कळलं होतं. गोरक्षनं विचारलं तेव्हाच का नाही सांगितलं?"

सर म्हणाले, "पाहुणे ऐकत होते."

त्यावर मात्र कुणी शंका घेतली नाही. गोरक्षनं बूट टेबलावर ठेवले, वहीत सही केली आणि तो निघून गेला.