सकाळची उंची

मंगळवारी सकाळी सात वाजता डॅरिल प्रोकोपने माझ्या पायाशी असलेल्या रबरी चटईचा चौकोनी तुकडा सुरीने कापून काढला. खाली काँक्रीट होतं. तिथली धूळ त्याने बाहीने पुसली, सुरी मिटली आणि गुडघ्यावर हात टेकून तो उठला. लार्च क्रीक गावच्या बर्फाच्या रिंकमध्ये त्या वेळी चार माणसं होती. त्यांतला एबेन थीसन सतरा वर्षांचा होता आणि त्याची किंमत ठरायची होती.

मित्रांनो, मी एक जुना उंची मोजायचा खांब आहे. खेळाडूंच्या कपडे बदलायच्या खोलीबाहेर, मॅनेजरच्या दाराला लागून असलेल्या भिंतीवर माझी जागा. म्हणजे आज सकाळपर्यंत होती.

मला आर्विड लुंड नावाच्या सुताराने घडवलं. रिंकमधली बाकं बसवून झाली तेव्हा मेपलची एक लांब फळी उरली. ती त्याने रंधली, तापवलेल्या सळईने तिच्यावर इंचांच्या खुणा उमटवल्या आणि डोक्यावर टेकवायला एक सरकती पट्टी बसवली. हे त्याने कुणाची किंमत ठरावी म्हणून केलं नाही. मला बनवलं होतं ते काठी बेतायला. बर्फावरच्या हॉकीत काठी उभी धरली की ती हनुवटीपर्यंत यावी लागते. काठी लांब झाली तर पोराला वळता येत नाही, आखूड झाली तर ते सगळा हिवाळा पाठीत वाकून खेळतं. गावातली पोरं मोजे घालून माझ्यापुढे उभी राहायची, आर्विड आकडा वाचायचा आणि करवतीने काठी कापून हातात द्यायचा. दर हिवाळ्याला पोर पुन्हा यायचं. "पुन्हा वाढलास? तुझ्या बापाला सांग, मला झाडं पुरत नाहीत," असं आर्विड म्हणायचा. माझ्या आयुष्यातलं बरं काम तेवढंच होतं, असं मला आता वाटतं.

पुढे गावाचा कुमार संघ झाला. सोळा ते वीस वर्षांची पोरं लांबलांबून येऊ लागली. ती गावातल्या घरांत राहतात, गावातल्या शाळेत जातात आणि संध्याकाळी खेळतात. संघाला गरज पडली की एक पोर देऊन दुसरं घेतलं जातं. एका फोनवर ते ठरतं. संध्याकाळी पोराच्या पिशव्या मोटारीत असतात आणि पोर दुसऱ्या गावातल्या दुसऱ्या स्वयंपाकघरात.

मग पारखी येऊ लागले. पोरं हेरणं हा त्यांचा धंदा. जाड कोट, हातात कॉफीचा कागदी पेला. काठीवर हात किती मऊ चालतात, मान वर करून खेळतो की खाली घालून, मार खाल्ल्यावर दुसऱ्यांदा त्याच कोपऱ्यात जातो का, हे सगळं ते बर्फावर पाहत. आणि शेवटी माझ्याकडे येत. कारण बाकीच्या गोष्टींवर वाद घालता येतो, माझ्या आकड्यावर येत नाही. सहा फुटांच्या वरचा बचावपटू म्हणजे माल, खालचा म्हणजे 'बघू'. वर्षानुवर्षं मी हे ऐकत आलो. आधी ते पोराकडे बघून आकडा विचारायचे. नंतर आकडा वाचून पोराकडे बघू लागले.

पोरंही हुशार. कुणी मोज्यात कागदाची घडी घालून यायचं, कुणी केस ओले करून उभे करायचं, कुणी मोजणीआधी दाराच्या चौकटीला लोंबकळून घ्यायचं. माणूस सकाळी उठतो तेव्हा थोडा उंच असतो आणि दिवसभर वावरून संध्याकाळी बुटका होतो. म्हणून आमचा मॅनेजर वेंडल क्राउस नेहमी पहाटेच मोजायचा. त्यावरून रिंकमध्ये एक बोलणंच पडलं. कुणी बढाई मारली की तिला 'सकाळची उंची' म्हणायचं. वेंडलने तळ्यात पकडलेल्या माशाची गोष्ट सांगितली की डॅरिल स्केटला धार लावता लावता मान न उचलता विचारायचा, "ही माशाची सकाळची उंची का रे, वेंडल?"

माझं कौतुकही झालं. माझ्यापुढे दर वर्षी उभा राहिलेला एक पोरगा मोठ्या संघात गेला, तेव्हा वर्तमानपत्रात त्याचा माझ्याशेजारी फोटो आला. वेंडल येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "हा खांब खोटं बोलत नाही."

मग जमिनीवर चटई आली. स्केटची पाती काँक्रीटवर बोथट होतात, म्हणून सगळीकडे जाड रबर अंथरलं. कामगारांनी ते थेट माझ्या पायापर्यंत आणून कापलं. मी काँक्रीटवरून मोजत राहिलो आणि पोरं रबरावर उभी राहू लागली. त्या उन्हाळ्यापासून आमच्या संघातला प्रत्येक खेळाडू अर्ध्या इंचाने वाढला. याचं कुणाला नवल वाटलं नाही. चांगल्या बातमीची कुणी चौकशी करत नाही.

आता आजच्या मंगळवारकडे येतो.

अदलाबदलीची मुदत आज दुपारी चारला संपते. आमच्या गोलरक्षकाचा गुडघा डिसेंबरात गेला आणि तेव्हापासून संघ हरतो आहे. फोर्ट मेरिडिथच्या संघाकडे वीस वर्षांचा चांगला गोलरक्षक आहे. तो मिळाला नाही तर मार्चपर्यंत प्रेक्षकांची बाकं रिकामी पडतील, हे वेंडलला ठाऊक आहे. वेंडल वाईट माणूस नाही. तो थकलेला माणूस आहे. त्याने बदल्यात एबेन थीसनला देऊ केलं. सामन्याच्या कार्यक्रमपत्रिकेत एबेन सहा फूट एक इंच आहे.

फोर्ट मेरिडिथचा पारखी लॉर्न देशेन अंधारात निघून गाडी चालवत आला. साठीचा माणूस, कंबर धरून चालणारा. त्याने कोट काढला नाही. माझ्यापुढे येऊन त्याने बुटाचं टोक चटईच्या कडेवर दाबलं.

"वेंडल, हा खांब कुठून मोजतो?"

"खालून."

"खालून म्हणजे काँक्रीटवरून. आणि पोरं उभी राहतात चटईवर."

"अर्ध्या इंचासाठी तू एवढी गाडी हाकलीस?"

"अर्ध्या इंचासाठीच. बाकीचं मी बर्फावर पाहिलंय. सुरी आहे का कुणाकडे?"

डॅरिल सुरी आणायला गेला. डॅरिल आमच्याकडे काठ्या, स्केट आणि कपडे सांभाळतो. लॉर्न वेंडलच्या खोलीत शिरता शिरता सौदा पुन्हा एकदा बोलून गेला. "सहा फूट भरला तर गोलरक्षक तुझा, पोरगा माझा, हात मिळवू. नाही भरला तर पोराबरोबर, पुढच्या वर्षी संघ नवी पोरं वाटून घेतील तेव्हा पहिलं पोर निवडायचा तुझा हक्कही."

"तो मी केव्हाच देऊन बसलोय. तुला माहितीय."

"माहितीय. मग सौदा नाही."

दार अर्धवट उघडं राहिलं. एबेन बाहेर मोज्यांवर उभा होता. त्याने सगळं ऐकलं.

डॅरिल खाली बसून चटई कापू लागला. रिंकमध्ये आडनाव तोडून हाक मारतात, थीसनचा थीसी, प्रोकोपचा प्रोकी. "थीसी, तोंड का असं केलंयस? फोर्ट मेरिडिथला चित्रपटगृह आहे म्हणे."

"मर्नाचं घर हे दोन वर्षांतलं तिसरं आहे, प्रोकी."

"मर्ना इतकी चांगली स्वयंपाकी आहे?"

"बरी आहे." एबेनने मोजा वर ओढला. मग म्हणाला, "पहिले दोन महिने मी तिच्याकडे रोज चुकीचं कपाट उघडायचो. कपासाठी. आता बघावं लागत नाही. हात आपोआप जातो."

"कप काय, सगळीकडे असतात."

"कप असतात. कपाट वेगळं असतं."

डॅरिलने चटईची शेवटची कड कापली. त्याने तुकडा उचलला आणि धूळ पुसली.

लॉर्न आणि वेंडल बाहेर आले. एबेन काँक्रीटवर उभा राहिला आणि त्याने माझ्याकडे पाठ केली. त्याच्या टाचा मला लागल्या. खांदे लागले नाहीत. गुडघे जरा सैल पडले, छातीतली हवा हळूहळू बाहेर गेली, हनुवटी गळ्याकडे आली. मित्रांनो, माझ्यापुढे उभं राहून ताणलेली पोरं मी मोजता येणार नाहीत इतकी पाहिली. बुटकं व्हायला आलेला हा पहिलाच. माझं काम उभा आहे त्याला मोजायचं. उभं कसं राहावं हे मी सांगू शकत नाही.

लॉर्नने पट्टी खाली आणली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"पाच फूट सव्वाअकरा."

"काहीतरीच काय?" वेंडल पुढे झाला. "ऑगस्टमध्ये हा सहा-एक होता."

"चटईवर."

"चटईचा अर्धा इंच. वरचा सव्वा इंच कुठे गेला? आणि आत्ता सकाळ आहे, लॉर्न. सकाळी कुणी खचतं का?"

लॉर्न एबेनकडे बघत होता. "नाश्ता केलास?"

"हो, सर."

"काय होतं?"

"अंडी. मर्नाने केली होती. मी जिच्याकडे राहतो ती."

"बलक मोडते का तुझी मर्ना?"

"नाही, सर. मोडत नाही."

"हं." लॉर्नने पट्टी पुन्हा वर सरकवली. "सरळच उभा होतास ना?"

एबेनचे कान लाल झाले. "पुन्हा मोजायचं असेल तर मोजा."

"मी ते विचारलं नाही."

एबेनने वाकून बूट उचलले. लॉर्न म्हणाला, "जा. शाळेला उशीर होईल."

पोरगा बूट हातात घेऊन तसाच मोज्यांवर गेला. दार लागेपर्यंत वेंडल थांबला.

"आखडला तो. तू पाहिलंस, मी पाहिलं."

"पाहिलं."

"मग पुन्हा मोज ना त्याला. हवं तर मी खांदे धरतो."

"पोराचे खांदे धरून त्याला विकणार? एवढ्यावर आलोय का आपण?"

वेंडलने मान फिरवली. "मला गोलरक्षक हवाय, लॉर्न. मी काही हौसेने करत नाही."

"मी कुठे हौसेने करतोय." लॉर्नने कंबरेवर हात दाबला. "इतकी वर्षं पोरं बघतोय. वाढीव उंची सांगणारे ढीगभर पाहिले. राहायला मिळावं म्हणून उंची चोरणारा हाच. मला असेच हवे असतात. आमच्याकडचे निम्मे तर पिशवी भरून उशाशी घेऊन झोपतात."

"मग घेऊन जा."

"नेला की हाही पिशवी उशाशी घ्यायला शिकेल."

"तुझ्या साहेबाला काय सांगणार आहेस?"

"तो आकडाच विचारेल. दुसरं काही विचारत नाही."

"तेच म्हणतोय मी. कुठला सांगणार?"

"दुपारचा सराव बघतो," लॉर्न म्हणाला आणि कॉफी शोधायला गेला.

वेंडल माझ्यापुढे उभा राहिला. मला वाटलं तो पट्टी हलवून पाहील. त्याने तळहाताने माझ्यावर एक थाप मारली. "प्रोकी, हा काढून टाक. वाकलाय."

"वाकला नाहीये. मेपल आहे."

"काढ म्हटलं ना."

डॅरिलने स्क्रू काढले. माझ्यामागे भिंतीचा जुना हिरवा रंग निघाला. मला उचलून त्याने मागच्या दाराशी, धार लावायच्या यंत्राशेजारी तिरकं टेकवून ठेवलं. बाहेर टाकायचं की ठेवायचं, हे त्याने वेंडलला विचारलं नाही. तिरक्या खांबाने कुणालाच मोजता येत नाही. खरं सांगायचं तर मला त्याचं फारसं वाईट वाटलेलं नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात मोजायच्या वस्तू असतील. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा असतील, शिंप्याची फीत असेल, वजनकाटा असेल. त्यांना जपा, पण तेल-रंग देऊन नव्हे. ज्या कामासाठी त्या केल्या त्या कामाशी त्यांना बांधून ठेवा. पोराला काठी नीट बसावी म्हणून त्याची उंची घ्या. झगा अंगाला नीट यावा म्हणून माप घ्या. मापावरून माणूस ठरवायला निघालात की वस्तू बिचारी आकडा देते, पण मग पोरं ताणून उभी राहायला लागतात, आणि कधी एखादं आखडून. दोन्हींचा भार माझ्यासारख्यावर येतो. लाकूड असलं तरी थकतं.

दुपारी सराव झाला. मला इथून बर्फ दिसत नाही, फक्त आवाज येतो. पोरं परत आली तेव्हा एबेन काठी खांद्यावर टाकून माझ्याजवळून गेला. त्याने भिंतीवरच्या रिकाम्या हिरव्या पट्ट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याची पाठ ताठ होती. लॉर्न त्याच्या मागून बाहेर पडला आणि आवारात उभ्या असलेल्या ट्रकमध्ये जाऊन बसला. दाराच्या काचेतून मला तो दिसतो. फोन त्याच्या हातात आहे. कानाला लावलेला नाही.

साडेतीनला डॅरिलच्या खोलीतला फोन वाजला. पलीकडे मर्ना हालिश होती. तिचा आवाज इतका मोठा आहे की धार लावायच्या यंत्राच्या घरघरीतूनही ऐकू येतो.

"डॅरिल, मी बटाटा भरून पिरोगी करतेय. एबेनसाठी उकडू की नको?"

डॅरिलने मान वाकडी करून काचेतून बाहेर पाहिलं. लॉर्नने फोन गुडघ्यावर ठेवला होता.

"अजून कळलं नाही, मर्ना."

"अरे, पण पिठाचं सांग ना मला. जास्तीचं मळू का?"

"मळ," डॅरिल म्हणाला. "मळून ठेव."

आता पावणेचार होत आले आहेत. बाहेर उणे एकोणतीस अंश आहे. ट्रकचं इंजिन चालू आहे.