एरियलची घरघर

माझं डोकं जात्याच गरम. हातानं गिऱ्हाईक जोडतो आणि तोंडानं तोडतो, असं बायको म्हणते. खोटं नाही ते.

चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात हाजराचाची माझ्या गॅरेजात आल्या. गाडी पुतण्या इद्रीस चालवत होता. गाडी त्यांच्या एकुलत्या एका मुलाची, कमालची, दुबईहून पाठवलेली. तीन महिन्यांमागं कमाल तिकडंच अपघातात गेला. दफनही तिकडंच झालं, चाचींना तोंडसुद्धा दिसलं नाही.

"धाकू, टेप लावला की ही एरियल आपोआप वर जायची. आता नुसती घरघरते, कायएक ऐकू येत नाय. त्या टेपात कमालनं..."

"चाची, गाणी घरी ऐका! आधी मला काम करू द्या."

त्या बाकड्यावर जाऊन बसल्या. अजून ते आठवलं की जीभ उपटून टाकावीशी वाटते.

बिघाड साधा होता. खाऱ्या हवेनं काठी गंजून अडकली होती. तिला वर ढकलणारी नायलॉनची दोरी टोकाशी तुटली होती, म्हणून मोटर उगाच फिरत राही. काठीचे तुकडे रॉकेलच्या डब्यात घासले, दोरी छाटून बसवली. बघायला म्हणून टेप चालू, बंद, चालू, बंद केला. आतली कॅसेट अडकली. फीत गुंतली. "हिच्या आयला!" म्हणत हिसडली, तर तुटली. सगळा गुंता रॉकेलच्या डब्यात फेकला.

एरियल झोकात वर गेली. घरघर नाही. मी खूश. चाची गाडीत येऊन बसल्या.

"कॅसेट दे रे. मला वाचता येत नाय, म्हणून कमाल बोलून पाठवायचा. ही शेवटची."

मी डब्याकडं धावलो. डब्यातून फीत काढली, पुसली, वाळवली, चिकटपट्टीनं जोडली. लावली. एरियल मुकाट वर गेली. टेपातून नुसती खरखर. कमाल नाही.

"चाची, मारा मला," म्हणालो आणि रडलो.

त्यांनी मारलं नाही. एरियलकडं बघत म्हणाल्या,

"त्या घरघरीखाली तो होता रे, बाबा. तीच परत बसव."