कुंडीची बाजू

"उजवीकडून काढ रे जीवन, उजवीकडून."

नंदकुमार सरांचा आवाज. थोडा घोगरा, थोडा मायेचा, तापीवरून आलेल्या वाऱ्यासारखा. जीवन कॉलेजात होता तेव्हा संध्याकाळच्या धुळीतून तो आवाज यायचा आणि त्याचे पाय आपोआप उजवीकडे वळायचे. पुढे गावं बदलली, मातीच्या मैदानाजागी लाकडी फरशी आली, केस पांढरे झाले. आवाज काही कानातून गेला नाही.

आज तो त्याच मैदानाच्या कडेला पाहुण्याच्या खुर्चीत बसला होता, आणि म्हातारे झालेले सर तेच वाक्य दुसऱ्या पोराला ओरडून सांगत होते.

"उजवीकडून काढ तुषार, उजवीकडून."

मैदान बुऱ्हाणपुरातल्या लालबागच्या अंगाला. इथल्या जमिनीखालून जुन्या काळचं पाणी वाहतं, आणि वर ठिकठिकाणी त्या पाण्याची तोंडं उघडतात. त्यांना कुंड्या म्हणतात. त्यातली एक नेमकी या मैदानात होती. स्टेशनकडच्या बास्केटच्या डाव्या हाताला, रेघेला लागूनच गुडघाभर उंचीचा दगडी कठडा, वर लोखंडी जाळी. आजूबाजूच्या घरांत नवी सून आली की बाया तिला इथं आणायच्या, कठड्याला हळदकुंकू लावायच्या, नारळ फोडायच्या. जीवनच्या आईनं, भागाबाईनं, अशाच एका नारळाला आपल्या लेकाची ओवी रचून म्हटली होती:

खालून वाहे पाणी, वर माझा लेक धावे
जीवनच्या हातापुढं आभाळ ठेंगणं व्हावे

बाया कौतुकानं हसल्या. इतवारा मोहल्ल्यातली पोरं मात्र पुढे कित्येक दिवस त्याला "काय रे ठेंगण्या" म्हणून हाका मारत, आणि तो सगळ्यांत उंच.

देवाच्या ठिकाणी असलेल्या त्या कुंडीला हात लावायची कुणाची छाती नव्हती. त्यामुळे या मैदानावर वाढलेलं पोर डावीकडून बास्केटकडे जातच नसे. गेलं की नडगी फुटायची. सरावही सगळा याच टोकाला, कारण दुसऱ्या टोकाची रिंग कायम वाकलेली, सामन्यापुरती तेवढी सरळ व्हायची. आणि सामना असला की सर अशी तजवीज करत, की उत्तरार्धात पाहुणा संघ कुंडीच्या टोकाला हल्ला करायला येईल. दमलेली परगावची पोरं डावीकडून झेपावायची, ऐन वेळी दगड दिसायचा, बिचकायची, आणि चेंडू हातातून सुटायचा. मोठमोठ्या कॉलेजांचे संघ इथं हरून गेले. हरताना त्यांच्या नडगीला हळद लागलेली असायची.

त्या जिंकण्यावर जीवन मोठा झाला. बागाईतवाले शेतकरी त्याच्यासाठी केळीची फणी घेऊन मैदानात येत. आज ना उद्या हा पोरगा देशाकडून खेळणार, असं सगळं गाव त्याला सांगत होतं, आणि तो ऐकत होता.

मग दिल्लीला मोठी निवड चाचणी झाली. चकचकीत लाकडी फरशी, डावीकडे सगळं रान मोकळं. जीवनला चेंडू मिळाला, समोरचा खेळाडू उजव्या बाजूला आडवा उभा राहिला, डावीकडे घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तो गेला. आणि बास्केटजवळ पोचता पोचता काहीच नसलेल्या जागी वळसा घालून बाहेर पडला. पुन्हा गेला, पुन्हा तसंच. बाकावर बसलेला एक निवडकर्ता शेजाऱ्याला हसत म्हणाला, "ये किससे बच रहा है?"

जीवन घरी परतला. तापीकाठी, राजघाटच्या पायऱ्यांवर सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तिथं वशिला लागतो, बेटा. आपण छोट्या गावचे. तुझ्यात काही खोट नाही."

तुझ्यात काही खोट नाही. हे वाक्य जीवन वर्षानुवर्षं औषधासारखं घेत राहिला. त्याच्या जोरावर तो सगळ्यांशी भांडला, ज्यांनी हात पुढे केला त्यांच्याशीही. खेळणं सुटलं. एका शाळेत पी.टी. शिकवली, मग कुणाचा तरी मदतनीस झाला, चेंडूंच्या पिशव्या वाहिल्या, आणि हळूहळू कोच झाला. एकदा आपल्या पोरांना दाखवायला म्हणून त्यानं कॉलेजातल्या फायनलचं चित्रीकरण लावलं. लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या गावातल्याच माणसानं ते काढलं होतं. पडद्यावर एक देखणा, उंच पोरगा धावत होता. कुंडीच्या टोकाला तो कुंडी चुकवत होता. आणि जिथं कुंडी नव्हती, त्या टोकालाही चुकवत होता.

पोरं म्हणाली, "सर, हे कोण?"

"होता एक," म्हणत जीवननं पडदा बंद केला.

तेव्हापासून त्याच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पोराचा उजवा हात तो गमछ्यानं पाठीशी बांधतो. चेंडू डाव्यानं, दार डाव्यानं, जेवणसुद्धा डाव्यानं. आयांचे फोन येतात, "सर, निदान सत्यनारायणाच्या प्रसादाला तरी हात सोडा हो त्याचा." त्याच हट्टानं त्याला नाव मिळालं. आता तो पुण्याच्या एका व्यावसायिक संघाचा मुख्य प्रशिक्षक होता. दुसऱ्यांचे डावे हात तयार करून त्यानं आपलं घर उभं केलं. त्याचा स्वतःचा डावा हात मात्र राहून गेला. तो शिकायचं वय कधीच उलटलं होतं.

सामना संपला. बुऱ्हाणपूर जिंकलं. सरांनी तुषारचा दंड धरून त्याला जीवनसमोर उभं केलं. एकोणीस-वीसचं पोर, घामानं निथळणारं, डोळ्यांत दिवाळी.

"हा बघ, दुसरा जीवन," सर म्हणाले. "आता याला घेऊन जा तुझ्या टीममधे. मी सगळ्यांना सांगून बसलोय, भो. तोंडावर पाडू नको."

"सर, मग माझं सिलेक्शन पक्कं समजू ना?" तुषार म्हणाला. "मम्मीला फोन लावून टाकू? ती सुबह से उपाशी बसलीय."

"जरा थांब," जीवन म्हणाला. "चल त्या टोकाला."

दुसऱ्या टोकाला रिंगखालची जमीन सपाट होती. दगड नाही, कठडा नाही. जीवन स्वतः उजवी बाजू अडवून उभा राहिला. "माझ्या डावीकडं नाही, तुझ्या डावीकडं. जा."

तुषार निघाला. वेग चांगला, उडीही चांगली. आणि बास्केटच्या अलीकडे त्याचे पाय अडखळले, अंग बाहेर वळलं, मोकळ्या जागेला वळसा घालून तो रेघेबाहेर गेला.

"सॉरी सर, पाय सटकला."

"पुन्हा."

पुन्हा तोच वळसा. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "थकलंय पोरगं, जाऊ द्या ना साहेब." जीवनला मात्र दिल्लीचं ते हसू ऐकू आलं. त्याला त्या पोराला जवळ घ्यावंसं वाटलं आणि ढकलून द्यावंसंही.

तो सरांकडे वळला. सर चष्मा पुसत होते, पुसतच होते.

"सर, कुंडी हलवता येत नव्हती, कबूल. ती देवाची. पण कोर्ट काय होतं? दोन खांब आणि चुन्याच्या रेघा. दहा पावलं इकडं सरकवलं असतं तर?"

"आता कशाला ते, जीवन. इतकी माणसं आहेत."

"म्हणूनच विचारतोय."

"अरे, तू एवढा मोठा कोच झालास. आणखी काय पाहिजे तुला?"

"मला खेळायचं होतं, सर."

सरांनी चष्मा लावला. तुषार एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होता. हातात मोबाइल तसाच.

"जीवनभाऊ, घेताय ना मला?" त्यानं हळूच विचारलं.

"नाही," जीवन म्हणाला. "नाही म्हणणं माझं रोजचं काम आहे, त्याचं मला काही वाटत नाही. पण का नाही, ते मी नाही सांगणार. ते तुझे सर सांगतील. नाहीतर उद्या राजघाटावर बसून तुला वशिल्याची गोष्ट ऐकवतील, आणि तू जन्मभर ती चघळशील."

कठड्यावर कुणीतरी सकाळी लावलेलं कुंकू धुळीनं फिकं झालं होतं. सर चालत तिथवर गेले आणि दगडावर बसले. त्या दगडावर बसायचं नसतं, हे त्यांनीच पोरांना शिकवलेलं.

"तुषार, इकडं ये बेटा," ते म्हणाले. आवाज घोगराच होता, पण त्यात आता वारा नव्हता. "वशिला-बिशिला काही नाही. तुला डावी बाजू नाही. यालाही नव्हती. मला पहिल्या वर्षापासून दिसत होतं, याचं पण आणि तुझं पण." मग जीवनकडे न बघता म्हणाले, "पण रेघा सरकवल्या असत्या ना, तर आपण हरलो असतो रे."