तोंड बांधलेला टाय रॉड

मित्रांनो, या घरात किल्ल्या अडकवायच्या खिळ्यावर जे गंजके लोखंड लटकते आहे, तो मी. मी इथल्या मोटारीचा जुना टाय रॉड आहे. माझे नाव तुम्ही ऐकले नसेल. आम्ही गाडीच्या पोटाखाली राहतो, आम्हाला कोण विचारतो? वर बसलेला माणूस स्टिअरिंग फिरवतो, तेव्हा एक चाक मी वळवतो आणि पलीकडचे माझा जुळा भाऊ. आम्ही हात सोडला, की स्टिअरिंग एकीकडे आणि चाक भलतीकडे. एवढे लक्षात ठेवा, कारण माझी सगळी ताकद आणि माझा सगळा राग यातच आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. तापलेल्या लोखंडावर घाव बसले आणि मला आकार आला. एका टोकाला आटे पाडले. दुसऱ्या टोकाच्या वाटीत गोल डोक्याचा बोल्ट बसवला, ग्रीस भरले आणि वर रबराची टोपी चढवली. तो बोल्ट म्हणजे माझी मान. तपासणीच्या टेबलावरच्या बाईंना ती हलवायला दोन्ही अंगठे लावावे लागले. "हा टिकेल," त्या म्हणाल्या. माझे कौतुक आयुष्यात तेवढेच झाले, म्हणून मी ते जपून ठेवले आहे.

पुढे मी या घरी आलो. मालक स्पीकर दुरुस्त करणारा. लोक फाटक्या आवाजाचे डबे घेऊन त्याच्या दुकानात यायचे आणि खूश होऊन जायचे. मोठ्या तिखट कानाचा माणूस, असे सगळे म्हणत. मी त्याला वर्षानुवर्षे इमानाने दुकानात नेले आणि घरी आणले. मग माझी टोपी फाटली. ग्रीस वाहून गेले, चिखलपाणी आत शिरले आणि मान खिळखिळी झाली. प्रत्येक खड्ड्याला मी टक्क वाजू लागलो. मला दुसरी भाषा येत नाही.

मालकाने रेडिओ मोठा केला.

शेजारी मालकीणबाई बसत. त्या कपडे शिवतात. "अहो, खालून काहीतरी वाजतंय," त्या म्हणाल्या.

"तुझ्या शिलाई मशीनचा आवाज तुझ्या कानात बसलाय. गाडी ठणठणीत आहे."

त्यांनी पुन्हा सांगितले. तो पुन्हा हसला. शेवटी त्या बोलायच्या थांबल्या, पण विसरल्या नाहीत. मीही नाही.

एका रविवारी मालक स्वतः गाडीखाली शिरला. आला बाबा एकदाचा, असे मला वाटले. त्याने मला हलवून पाहिले. मग खिशातून स्पीकरच्या खोक्यातला काळा स्पंज काढला, माझ्या मानेभोवती गच्च गुंडाळला आणि सुतळीने बांधला. गल्लीत एक चक्कर मारून तो परतला. "गेला आवाज," असे तो दिवसभर ज्याला त्याला सांगत होता. ज्याने जन्मभर आवाजच दुरुस्त केले, त्याला आवाज गेला म्हणजे दुखणे गेले असे वाटले.

मित्रांनो, त्या दिवशी मी सूड घ्यायचे ठरवले. दुकानाच्या वाटेवर खडीच्या खाणीपाशी एक उतरते वळण आहे. तिथे मालक एकटाच असतो आणि शिटी वाजवत असतो. तिथेच त्याचा हात सोडायचा, हे मी पक्के केले. स्पंजाच्या आत मी मुकाट्याने झिजत राहिलो. खोटे कशाला सांगू, मला त्यात आनंद वाटत होता.

आणि मग एका दुपारी मी मालकाचे बोलणे ऐकले. लेकीला डोंगरापलीकडच्या गावात नोकरी लागली होती. तो तिला म्हणाला, "गाडी तूच घेऊन जा. उद्या सकाळी निघ."

ती याच गाडीवर शिकली होती. चाकाखाली दगड आला की "लागलं का गं?" असे गाडीला विचारायची. तिच्याशी माझे कसलेच वैर नव्हते. पण माझी मान आता इतकी झिजली होती की ती कधी निसटेल, हे माझ्याही हातात उरले नव्हते. माझा सूड चुकीच्या माणसाच्या अंगावर चालला होता आणि माझे तोंड बांधलेले होते.

ती चाकांत हवा भरायला निघाली. त्या फेरीत एकही खड्डा मी सोडला नाही. जीव खाऊन मान आपटली. परत येताना फाटकाच्या उंबऱ्यावर सुतळी तुटली आणि स्पंज अंगणात पडला.

लेकीने तो उचलला. "बाबा, हे तुमच्या दुकानातलं ना? गाडीखाली काय करतंय?"

तिने जॅक लावला, पुढचे चाक दोन्ही बाजूंनी धरले आणि हलवले. टक्क.

"आई, इथे हात लाव."

मालकीणबाईंनी हात लावला. "मी किती दिवस सांगतेय," त्या एवढेच म्हणाल्या.

संध्याकाळच्या आत नवी जोडी आली. मालकाने हातोडी घेतली. घाव तो बोल्टच्या टोकावरच घालत होता. मी हललो नाही. एक घाव त्याच्या अंगठ्यावर बसला. मला वाईट वाटले नाही.

"बाबा, त्याच्यावर नको. तो ज्यात अडकलाय, त्याच्या बाजूला मारायचं असतं." लेकीने हातोडी घेतली, बाजूला दोन ठोके दिले आणि मी सुटलो. मालकीणबाईंनी शिवणाच्या खडूने आट्यांवर खूण केली आणि टेपने लांबी मापली. नवा रॉड बरोबर त्याच मापावर बसला. मग भावाचीही पाळी आली. चाकांचा कोन तपासायला लेक गाडी घेऊन गॅरेजात गेली.

अंगणात दोघेच उरले. मालकीणबाईंनी मला उचलले. माझी मान आपसूक कलंडली.

"आवाज येत होता म्हणून बांधलं," मालक म्हणाला.

"तो सांगत होता. तुम्ही त्याचं तोंड बांधलंत. माझंही."

मालक आम्हा दोघा भावांना भंगारात घालणार होता. भाऊ गेला. मला बाईंनी या खिळ्यावर टांगले आणि गाडीची किल्ली माझ्याच मानेत अडकवली. लेक सुखरूप पोहोचली. मोठ्या सुट्टीत ती गाडी परत देऊन गेली. आता रोज सकाळी मालक किल्ली काढतो आणि मी त्याच्या कानाशी टक्क वाजतो. त्या वेळी घरात कोणी रेडिओ लावत नाही.

मित्रांनो, तुमच्या गाडीखाली, घरात, शेजारच्या सीटवर कोणी सारखे काही सांगत असेल, तर आवाज बंद करू नका. वाकून पाहा. आमच्यात सगळेच वेळेवर सुतळी तोडू शकत नाहीत.

मालकाला मी अजून माफ केलेले नाही. काल तो खिळ्यापाशी आला आणि त्याने हात माझ्या मानेजवळ नेला. त्याच्या हातात काळ्या स्पंजाचा तुकडा होता. आत शिलाई मशीन थांबले. त्याने तुकडा खिशात घातला आणि किल्ली काढली.

टक्क.